राष्ट्रपतींची निवडणूक, शपथविधी आणि २५ जुलैची तारीख : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची चर्चा सुरू झाली की नागपुरात ठरावीक प्रश्न ऐकू येतात. सीताबर्डीच्या चहाच्या टपरीवर, कोर्टाच्या आवारात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये सुरुवात होते ती "मत कोण देतं?" इथून, आणि गाडी अडते ती "तारीख कोण ठरवतं?" इथे. तारखेच्या प्रश्नांना खाली मुद्दाम जास्त जागा दिली आहे. राज्यघटनेने या पदाबाबत एक आग्रह धरला आहे, तो म्हणजे राष्ट्रपतींची खुर्ची एक दिवसही रिकामी राहता कामा नये. बाकीचे बहुतेक नियम या आग्रहातून आलेले आहेत.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मला मत देता येतं का?

थेट नाही. घटनेच्या कलम ५४ नुसार लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार मत देतात. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या आमदारांनाही हा हक्क आहे.

नागपूर जिल्ह्यापुरतं पाहिलं तर शहरातले सहा आणि ग्रामीण भागातले सहा असे १२ आमदार, शिवाय नागपूर आणि रामटेकचे दोन लोकसभा खासदार मतदान करतात. तुम्ही विधानसभेला उमरेडमध्ये किंवा पूर्व नागपुरात बटण दाबता तेव्हा पुढच्या राष्ट्रपतींचा एक मतदारही निवडत असता. प्रचारात याचा उल्लेख कुणी करत नाही. करायला हवा असं मला मनापासून वाटतं. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांना मात्र यात मत नाही.

पदवीधर मतदारसंघातून आम्ही निवडून दिलेल्या आमदाराचं काय?

तेही मत देत नाहीत. विधान परिषदेचा एकही सदस्य या निवडणुकीत मतदार नसतो, मग तो पदवीधर मतदारसंघातला असो, शिक्षक मतदारसंघातला असो की राज्यपालनियुक्त. सगळ्या राज्यांत विधान परिषद नाही, त्यामुळे तिला मत दिलं असतं तर परिषद असलेल्या राज्यांचं पारडं विनाकारण जड झालं असतं. राज्यसभेतल्या नामनियुक्त खासदारांनाही इथे मत नाही. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र ते मत देतात, आणि त्या निवडणुकीत आमदार नसतात. या दोन निवडणुकांची गल्लत परीक्षार्थींकडून फार होते.

आमच्या आमदाराच्या मताची किंमत १७५ म्हणजे नेमकं काय?

राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या आकड्याला पुन्हा १००० ने भागायचं. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ होती. २८८ आमदारांनी भागलं की सुमारे १ लाख ७५ हजार येतात, आणि त्याला १००० ने भागून १७५. उत्तर प्रदेशातल्या आमदाराचं मत २०८ चं आहे, सिक्कीममधल्या आमदाराचं ७ चं.

खासदारांचा हिशेब उलट्या बाजूने होतो. देशभरातल्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला खासदारांच्या संख्येने भागतात. २०२२ मध्ये हा आकडा ७०० आला. त्याआधी तो ७०८ होता. जम्मू-काश्मीरची विधानसभा तेव्हा अस्तित्वात नव्हती म्हणून तो घसरला. २०२२ च्या हिशेबाने नागपूर जिल्ह्याच्या १२ आमदारांची मतं २,१०० आणि दोन खासदारांची १,४०० होतात. अख्ख्या विदर्भाचे ६२ आमदार आणि लोकसभेचे १० खासदार धरले तर १७,८५०. देशाची एकूण मतं त्या वर्षी १०,८६,४३१ होती.

अजून १९७१ चीच लोकसंख्या का, असं अभ्यासिकेतली मुलं हमखास विचारतात. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन त्यापायी घटू नये म्हणून हा आकडा गोठवला गेला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच राहील.

राष्ट्रपतींना थेट जनतेनेच का निवडू नये?

हा प्रश्न संविधान सभेतही आला होता. प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट निवडणूक घ्यावी अशी दुरुस्ती मांडली. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. एवढ्या प्रचंड मतदारसंख्येची निवडणूक घ्यायला लागणारी यंत्रणा कुठून आणायची, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा जास्त मोलाचा आहे. आपल्याकडे खरी कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे आणि राष्ट्रपती त्याच्या सल्ल्याने काम करतात. मग कोट्यवधी लोकांनी थेट कौल देऊन निवडायचं आणि त्या कौलाला शोभेल असा अधिकार मात्र द्यायचा नाही, याला काय अर्थ? थेट निवडून आलेले राष्ट्रपती आणि थेट निवडून आलेली लोकसभा समोरासमोर उभी ठाकली तर कुणाचा शब्द चालणार, या पेचात आपण पडलो नाही ते या निर्णयामुळे.

नागपुरात विधान भवन असताना आमदार मतदानाला मुंबईला का जातात?

मतदानाची जागा निवडणूक आयोग ठरवतो, आणि महाराष्ट्रासाठी ती मुंबईचं विधान भवन असते. आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनात डिसेंबरच्या आसपास हिवाळी अधिवेशन भरतं, ही निवडणूक मात्र जुलैत येते. आमदाराने आधी परवानगी घेतली तर त्याला दिल्लीतही मत देता येतं.

मतमोजणी दिल्लीत संसद भवनात होते. राज्यांमधून मतपेट्या विमानाने जातात आणि पेटीला सामानात टाकत नाहीत. २०२२ मध्ये अधिकाऱ्याच्या शेजारच्या सीटचं तिकीट चक्क ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने काढलं होतं.

ईव्हीएम का वापरत नाहीत?

कारण इथे एकाच नावापुढे बटण दाबायचं नसतं. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. लिहायला आयोगानेच दिलेला जांभळ्या शाईचा पेन वापरावा लागतो, दुसऱ्या पेनाने लिहिलेलं मत बाद होतं.

जिंकण्यासाठी वैध मतांच्या निम्म्याहून किमान एक जास्त लागतं. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढी मतं मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. हे आजवर खऱ्या अर्थाने निर्णायक ठरलं ते १९६९ मध्ये. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं मिळाली, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे गेली, तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि निवडून आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते देशमुख. सनदी नोकरीची त्यांची उमेदीची वर्षं आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातच गेली होती.

पक्ष व्हिप काढू शकतो का?

नाही. मतदान गुप्त असतं आणि पक्षादेश लागू होत नाही. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही तिने प्रतिभाताई पाटील यांना मतं दिली. प्रतिभाताई त्याआधी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या खासदार होत्या, त्यामुळे विदर्भात ही गोष्ट अजून आठवणीने सांगितली जाते.

दर वेळी २५ जुलैलाच शपथविधी का? मुहूर्त काढतात का?

मुहूर्त नाही, आणि २५ जुलै ही तारीख घटनेत किंवा कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. घटना सांगते ते इतकंच: राष्ट्रपतींची मुदत पदग्रहणाच्या दिवसापासून पाच वर्षं (कलम ५६), आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे (कलम ६२). म्हणजे एकदा एक तारीख पडली की ती पाच-पाच वर्षांनी आपोआप परत येते, जोवर मध्येच काही घडत नाही.

सुरुवातीला ही तारीख १३ मे होती. डॉ. राजेंद्र प्रसाद १९५० मध्ये २६ जानेवारीला राष्ट्रपती झाले, पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर रीतसर निवडून येऊन त्यांनी १३ मे १९५२ ला शपथ घेतली. मग १९५७, १९६२, १९६७ या तिन्ही वर्षी १३ मे. ३ मे १९६९ ला डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं आणि साखळी तुटली. पद असं अवचित रिकामं झालं तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते आणि नव्या राष्ट्रपतींना उरलेला काळ नाही, पूर्ण पाच वर्षं मिळतात. गिरींनी २४ ऑगस्ट १९६९ ला शपथ घेतली, तारीख ऑगस्टमध्ये गेली. १९७४ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांनीही २४ ऑगस्टलाच शपथ घेतली.

११ फेब्रुवारी १९७७ ला त्यांचंही पदावर असताना निधन झालं. पुन्हा सहा महिन्यांचं घड्याळ सुरू झालं, ११ ऑगस्टपर्यंत निवडणूक उरकायची होती. त्याच मार्चमध्ये लोकसभेचा निकाल लागून केंद्रात सत्तांतर झालं, एप्रिलअखेर नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या आणि जूनमध्ये तिथे नव्या निवडणुका झाल्या. या सगळ्यानंतर नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले आणि २५ जुलै १९७७ ला त्यांनी शपथ घेतली. हो, १९६९ मध्ये थोडक्यात हरलेले तेच रेड्डी.

त्यानंतर झैलसिंग यांच्यापासून द्रौपदी मुर्मू यांच्यापर्यंत कुणाचीही मुदत मध्येच खंडित झाली नाही, म्हणून १९८२, १९८७, १९९२ असं करत २०२२ पर्यंत प्रत्येक वेळी २५ जुलैच आली. दोन राष्ट्रपतींच्या अकाली निधनातून पडलेली ही तारीख आहे. शाळेत ती नुसती पाठ करून घेतात याचं मला वाईट वाटतं, कारण तिच्यामागची गोष्ट कळली तर पाठ करायची गरजच उरत नाही.

तारीख सरकते कशी याचा ताजा दाखला उपराष्ट्रपतिपदाचा आहे. २००७ पासून तो शपथविधी ११ ऑगस्टला होत होता. जुलै २०२५ मध्ये जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला आणि सी. पी. राधाकृष्णन यांनी १२ सप्टेंबर २०२५ ला शपथ घेतली. त्याआधी ते आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आता पुढचं चक्र १२ सप्टेंबरपासून चालेल.

काही जागा रिकाम्या असतील, एखादी विधानसभा बरखास्त असेल, तर निवडणूक पुढे ढकलता येते का?

नाही, आणि हा मुद्दा निकाली निघण्यात एका नागपूरकराचा हात आहे.

१९५७ मध्ये सार्वत्रिक निवडणुका झाल्या, पण पंजाब आणि हिमाचल प्रदेशातल्या काही जागांचं मतदान बाकी होतं. राष्ट्रपतिपदाची निवडणूक मात्र ६ मे १९५७ ला ठरली होती. मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना तेव्हा असंच म्हणत) डॉ. ना. भा. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं की मतदारच पुरते निवडून आलेले नसताना निवडणूक घेणं घटनेला धरून नाही, सगळ्या जागा भरेपर्यंत थांबा. न्यायालयाने सांगितलं की निवडणुकीबद्दलचा वाद निवडणूक पूर्ण झाल्यावरच ऐकता येईल. निवडणूक झाल्यावर डॉक्टर पुन्हा गेले, तेव्हा कायद्याने ज्यांना अर्ज करण्याचा अधिकार दिला आहे त्यांत ते बसत नाहीत म्हणून अर्ज फेटाळला गेला.

ते हरले, पण त्यांनी दाखवलेली फट खरी होती. १९६१ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती करून ती बुजवली गेली: मतदारांमधल्या कोणत्याही रिकाम्या जागेच्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडीला आव्हान देता येणार नाही. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त असताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं आणि न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितलं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करणं बंधनकारकच आहे, एखादी विधानसभा नसली तरी.

हे मला रास्त वाटतं. नाहीतर सत्तेतल्या कुणालाही एखादी विधानसभा बरखास्त करून निवडणूक अडवून धरता आली असती. पण डॉ. खऱ्यांनी उभा केलेला न्यायाचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. ज्या राज्याची विधानसभा त्या महिन्यात नसते, त्या राज्याच्या लोकांचा आवाज त्या निवडणुकीत नसतो. घटनेने दोन गोष्टींत निवड केली आणि वेळेवर येणाऱ्या राष्ट्रपतींना वरचं स्थान दिलं.

राष्ट्रपतीही नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, असं झालं तर?

हे १९६९ मध्ये झालं आहे, आणि इथेही नागपूर आहे.

झाकिर हुसेन यांच्यानंतर उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. त्यांना स्वतः निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलै १९६९ ला त्यांनी पद सोडलं. अशी वेळ येऊ शकते हे ओळखून संसदेने त्याच वर्षी मे महिन्यात कायदा केला होता की दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीशांनी काम पाहावं. सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला, नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी वकिली इथेच केली, इथल्या विधी महाविद्यालयात शिकवलं आणि ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही होते. २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात त्यांनी राष्ट्रपतिपद सांभाळलं. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला आले तेव्हा त्यांचं स्वागतही त्यांनीच केलं. पुढे ते उपराष्ट्रपती झाले आणि १९८२ मध्ये झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले असताना त्यांनी पुन्हा काही दिवस ही जबाबदारी पार पाडली.

अमेरिकेत निकालानंतर शपथेला अडीच महिने का लागतात?

अमेरिकेचा शपथविधी आपण टीव्हीवर रात्री साडेदहाला पाहतो, कारण वॉशिंग्टनमध्ये तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. २० जानेवारीचे हे बारा त्यांच्या घटनेतच लिहिलेले आहेत. आपल्याकडे मुदत पक्की आहे आणि तारीख सरकू शकते. त्यांच्याकडे तारीखच पक्की आहे. अध्यक्षांचं निधन झालं तर उपाध्यक्ष उरलेली मुदत पुरी करतात, त्यामुळे चक्र हलत नाही.

मतदानाचा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला: नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. देश शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरात पीक घरात आलेलं असे आणि कडाक्याची थंडी सुरू व्हायची असे. रविवार प्रार्थनेचा, बुधवार बऱ्याच ठिकाणी बाजाराचा, आणि मतदानाच्या गावी पोचायला घोडागाडीने एक दिवस लागे. मंगळवार तेवढा सोयीचा उरला. हंगाम आणि आठवडी बाजार सांभाळून दिवस ठरवणं आपल्या काटोल-सावनेरच्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

शपथ पूर्वी ४ मार्चला व्हायची, म्हणजे चार महिने मध्ये जात. त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले आणि ४ मार्च १८६१ ला त्यांनी शपथ घेईपर्यंत सात राज्यं संघराज्यातून फुटून निघाल्याचं जाहीर करून मोकळी झाली होती. १९३२-३३ च्या हिवाळ्यात बँका कोसळत असताना जुने अध्यक्ष हतबल आणि नवे फ्रँकलिन रूझवेल्ट अजून पदावर नाहीत, अशी स्थिती होती. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने शपथ २० जानेवारीवर आणली आणि १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनीच त्या तारखेला पहिली शपथ घेतली.

तरीही २०२४ मध्ये मतदान आणि शपथ यांत ७६ दिवस होते. त्यांचे अध्यक्ष सरकार चालवतात, त्यांना मंत्री आणि हजारो अधिकारी नेमायचे असतात, शिवाय डिसेंबरात निर्वाचकांचं (अध्यक्ष निवडण्यासाठी लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचं) मतदान आणि ६ जानेवारीला काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, मोजणी व्हायची असते. आपल्या राष्ट्रपतींना मंत्रिमंडळ जमवायचं नसतं. २०२२ मध्ये मोजणी २१ जुलैला झाली आणि शपथ २५ जुलैला.

शपथविधीच्या दिवशी काय काय होतं?

मावळते आणि नवे राष्ट्रपती राष्ट्रपती भवनातून एकत्र मिरवणुकीने संसदेत येतात. मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश शपथ देतात, एकवीस तोफांची सलामी होते आणि मावळते राष्ट्रपती आपली खुर्ची नव्यांना देतात. नोंदवहीत सही, मग भाषण. त्यानंतर राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात तिन्ही दलांची मानवंदना असते. खुर्चीची ती अदलाबदल टीव्हीवर चुकवू नका. दोन माणसं शांतपणे जागा बदलतात आणि तिन्ही सेनादलांचं सरसेनापतिपद एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं असतं.

नागपूरचा साधा माणूस उभा राहू शकतो का?

वय ३५ पूर्ण, भारतीय नागरिकत्व, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता आणि सरकारी लाभाचं पद नसणं, एवढं पुरेसं आहे. अडचण अर्जावरच्या सह्यांची. ५० मतदार सूचक आणि ५० मतदार अनुमोदक लागतात, म्हणजे शंभर आमदार-खासदार. वर १५,००० रुपये अनामत. १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत मिळालं नाही. त्यानंतर टप्प्याटप्प्याने अटी कडक होत गेल्या, आताचे आकडे १९९७ चे आहेत. गंभीर उमेदवार यावेत हा हेतू ठीक आहे. पण पक्षाबाहेरच्या माणसाला दार जवळपास बंद झालं, हेही खरं.

पुढची निवडणूक कधी?

द्रौपदी मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते. अधिसूचना मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत निघते, म्हणजे मेअखेरीच्या आधी काही हालचाल दिसणार नाही. गेल्या वेळी १५ जूनला अधिसूचना, २९ जूनपर्यंत अर्ज, २ जुलैपर्यंत माघार आणि १८ जुलैला मतदान असा क्रम होता. अर्ज भरायला चौदा दिवस आणि माघारीनंतर मतदानापर्यंत किमान पंधरा दिवस कायद्यानेच द्यावे लागतात, त्यामुळे याही वेळी क्रम फार वेगळा नसेल. निवडणूक निर्णय अधिकारी आळीपाळीने लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव असतात. २०२२ मध्ये राज्यसभेची पाळी होती.